देवाप्पांचा दुसरा कान

डॉ. सुचेता खांबेटे यांच्या स्वयंपाकघरात अंड्याला मज्जाव होता. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचा हा नियम कुणी मोडला नव्हता. गाडीच्या डिकीत मात्र अंड्यांचा ट्रे असायचा, जुन्या सतरंजीत गुंडाळून, चोरीचा माल असावा तसा. ही अंडी त्यांच्या रेसिडेंट डॉक्टरांसाठी असत. खायला नव्हे, कोरायला. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ड्रिलनं कवच खरवडत जायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही. पापुद्रा फाटून बलक टेबलावर आला, की सुचेताबाई शांतपणे म्हणायच्या, "हा पेशंट आता आयुष्यभर गरगरत फिरणार. पुढचं अंडं घे."

अंड्यांनंतर बकऱ्याच्या मुंडक्याची पाळी. तीही त्या स्वतःच आणत. वॉर्डबॉयला पाठवलं की कान छाटलेली मुंडकी यायची. दुकानदार आता त्यांना ओळखायचा. "अक्का, मेंदू पण देऊ? एकदम ताजा आहे," तो आग्रह करायचा. "मेंदू नको अण्णा, कान तेवढे धड ठेव," म्हणत या बाई नाकाला पदर न लावता पिशवी पुढे करायच्या. एकदा शेजारच्या काकूंनी त्यांना त्या दुकानातून बाहेर पडताना पाहिलं आणि महाराष्ट्र मंडळात दोन महिने तो विषय पुरला.

सुचेताबाईंचा जन्म बेंगळुरूचाच. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर, लहानपण जलहळ्ळीच्या क्वार्टर्समध्ये गेलेलं. कन्नड इतकं सफाईदार की रिक्षावाला त्यांना कधी परगावचा भाव सांगायला धजला नाही. होसूर रस्त्यावरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात त्या कानाच्या शस्त्रक्रिया करायच्या आणि शिकवायच्या. त्यांचा हातखंडा होता तो रिकिबीच्या ऑपरेशनात. कानाच्या पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात हे आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. काही माणसांची ती रिकीब, तांदळाच्या दाण्याहून लहान हाड, हळूहळू जागच्या जागी थिजते. हलेनाशी झाली की आवाज आत पोचत नाही. मग पडदा उचलायचा, रिकिबीचा वरचा भाग काढायचा, तळाच्या पातळ पत्रीला भोक पाडायचं आणि त्यात एक इवलीशी नळी बसवून ती ऐरणीला अडकवायची. जमलं तर माणूस तिथेच, टेबलावर, ऐकायला लागतो. फसलं तर तो कान कायमचा जातो. मधलं काही नाही.

हे सगळं सुचेताबाई उत्तम शिकवत. पण भोक पाडायची वेळ आली, की "सरक जरा" म्हणून स्वतः खुर्चीत बसत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. त्यांची शिकाऊ मुलं पदवी घेऊन बाहेर पडत तेव्हा त्यांनी हे ऑपरेशन शंभरदा पाहिलेलं असे आणि एकदाही केलेलं नसे. सहकारी विचारत, "मग ही शिकली असं कसं म्हणायचं?" त्या म्हणत, "पेशंटचा कान म्हणजे काय अंडं आहे?"

यशश्री मेश्राम आली ती गोंदियाहून. सावळी, उंच, कमी बोलणारी, आणि हात असे की सुचेताबाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं, ही अंडी फोडायला नाही आली. तिला शिकून परत गोंदियालाच जायचं होतं, सरकारी रुग्णालयात. "आमच्याकडे हे ऑपरेशन कोणी करतच नाही, मॅडम. लोक नागपूरले जातात नाहीतर बहिरेच राहतात," ती म्हणाली होती. म्हणजे तिथे तिच्या शेजारी "सरक जरा" म्हणणारं कुणीही असणार नव्हतं. इथे हातात आलं तर आलं, नाहीतर नाहीच. तिसरं वर्ष सुरू झालं तेव्हा सुचेताबाईंनी मनाशी ठरवलं, हिला पुरं ऑपरेशन करायला द्यायचं.

आता यात एक अडचण असते. हे ऑपरेशन कान बधिर करून करतात, माणूस जागा असतो. शिकवताना "अगं तिकडे नको" म्हटलं की कापडाखालचा माणूस दचकतो. इंग्रजीत म्हणावं तर 'नो' आणि 'स्टॉप' कुणाला कळत नाही? म्हणून यशश्री आल्यापासून सुचेताबाईंनी सोय काढली होती. टेबलावर मराठी बोलायचं. पेशंट कानडी, तमिळ, तेलुगू. त्यांना काय कळणार? सिस्टर श्वेता याला 'मराठी टेबल' म्हणायची. सुचेताबाईंना तर हे फारच मानवलं. घरी नवरा कामात, मुलगा इंग्रजीत; मनसोक्त मराठीत रागवायची एवढी एकच जागा उरली होती.

गणपती झाल्यावर देवाप्पा आले. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम, वय चाळिशीच्या पुढे, दोन्ही कान मंद. बायको रत्नम्मा होसकोट्याची, तीच कन्नडमध्ये बोलत होती.

"डॉक्टर, ह्यांना कारखान्यात सगळं ऐकू येतं. ह्यांचा सुपरवायझर सांगतो, देवाप्पासारखे कान कुणाचे नाहीत. घरी आले की मेले बहिरे!"

सुचेताबाई हसल्या. रिकीब थिजलेल्यांचं असंच असतं. गोंगाटात बाकीचे लोक आवाज चढवून बोलतात. यांना गोंगाट फारसा पोचत नाही, बोलणं तेवढं पोचतं. त्यांनी रत्नम्माला हे समजावून सांगितलं. रत्नम्मा म्हणाली, "म्हणजे मी घरात मिक्सर लावून बोलू?"

देवाप्पा त्यावर गालात हसले. कागदावर सही केली. कागदात कुठेतरी लिहिलेलं होतं की शिकाऊ डॉक्टर भाग घेऊ शकतात. तोंडानं सुचेताबाई एवढंच म्हणाल्या, "आमची टीम करेल." हे त्या नेहमीच म्हणायच्या.

ऑपरेशनच्या दिवशी यशश्री खुर्चीत बसली. सुचेताबाई सूक्ष्मदर्शकाच्या बाजूच्या जोडनळीतून तेच पाहत होत्या. पडदा छान उचलला. कानातून जाणारी चवीची नस हलकेच बाजूला झाली. रिकीब दिसली, घट्ट, हलेना. शोषनळीचा सूं सूं आवाज चालू होता, एसी घरघरत होता, त्यामुळे सुचेताबाई जरा मोठ्यानंच बोलत होत्या.

"कान मोकळा आहे. शिकण्यासारखा आहे, म्हणूनच तुला दिलाय."

"हो मॅडम."

रिकिबीचा वरचा भाग निघाला. आता तळपत्री. यशश्रीनं टोचणी आत नेली आणि जोडनळीतून तिचं टोक बारीकसं थरथरताना दिसलं.

"हात कापतोय तुझा."

"नाही मॅडम, होतंय..."

"कापतोय. मनगट टेकव. घाबरू नकोस, ह्याला काही कळत नाहीये."

तेव्हा हिरव्या कापडाखालून आवाज आला. चांगल्या मराठीत.

"मला कळतंय, बाई."

आवाज देवाप्पांचा होता.

"आमचं गाव निपाणीजवळ. शाळा मराठीच होती माझी. हात कापतोय म्हणालात ते खरं काय?"

यशश्रीनं टोचणी बाहेर काढली. सुचेताबाई चरकल्या. एवढी वर्षं कानांत गेली आणि आपणच रत्नम्माला सांगितलेली गोष्ट आपल्याला आठवू नये? घरघरणाऱ्या खोलीत, डोक्यापासून हातभरावर, आपण आवाज चढवून बोलत होतो. त्या माणसाला शब्दन् शब्द पोचत होता.

"देवाप्पा, बोलू नका, डोकं हलवू नका," त्या मराठीतच म्हणाल्या. "पुढचं मी करते आहे. मी सुचेता खांबेटे. माझा हात कापत नाही."

"मग ठीक," कापडाखालून आलं.

यशश्री उठली. सुचेताबाई बसल्या. भोक पाडलं, नळी बसवली, अडकवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "ऐकू येतंय?"

"मघापासून ऐकतोयच की," देवाप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, वेगळ्याच आवाजात, "आता लई जवळून आलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचेताबाई वॉर्डात गेल्या. माफी कशी मागायची याची घरून तयारी करून गेल्या होत्या, पण देवाप्पांनी ती मागूच दिली नाही.

"ह्याला काही कळत नाही, म्हणालात. माझी बायकोपण हेच म्हणते, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही," ते म्हणाले. "पण भ्यालो हो. हात बांधल्यासारखा पडलोय, कापडाखाली अंधार, आणि वर कुणाचातरी हात कापतोय. उठून पळता पण येईना."

"तुम्हाला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. ती शिकते आहे, पहिल्यांदाच करते आहे, असं."

"सांगितलं असतं तर मी नको म्हणालो असतो."

"तो तुमचा हक्क होता."

"होता नव्हं!" देवाप्पा म्हणाले आणि इडलीकडे वळले.

त्या दिवसापासून सुचेताबाईंनी 'आमची टीम' हा शब्द सोडला. प्रत्येक पेशंटला त्या समोर बसवून, त्याच्या भाषेत, सगळं सांगू लागल्या. ही डॉक्टर यशश्री, हिनं अजून हे ऑपरेशन पूर्ण केलेलं नाही, मी शेजारी असेन, कान जाण्याचा धोका असा असा आहे, चालेल का? आणि प्रत्येक पेशंट म्हणायचा, "नको, अम्मा, तुम्हीच करा." एका बाईंनी तर यशश्रीकडे असं पाहिलं, जणू ती चूक करून आलेली मुलगी असावी.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. यशश्री पुन्हा जोडनळीतून पाहत उभी राहू लागली. तक्रार केली नाही. पण प्रयोगशाळेत मुंडकी दुप्पट लागू लागली आणि अंड्यांचा ट्रे आठवड्यात संपू लागला. एका दुपारी सुचेताबाई तिथे गेल्या तेव्हा ती एकटीच ड्रिल धूत होती.

"मॅडम, राग येणार नसेल तर एक बोलू का?"

"बोल."

"तुम्ही पेशंटले विचारून नाही राहिले. भेवडावून राहिले."

"मी खरं तेच सांगते, यशश्री."

"शब्द खरेच असतात नं. पण तुमचा चेहरा! 'चालेल का' म्हणताना तुम्ही असं पाहता, की तुमच्या पेशंटच्या जागी मी असती, तर मीपण नाहीच म्हणाली असती." ड्रिल पुसता पुसता ती पुढे म्हणाली, "नसेल भरवसा तर सांगून द्या, मॅडम. मी पेशंटकडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकेन."

घरी जाताना सिग्नलला सुचेताबाईंना ईशान आठवला. त्यांचा मुलगा जयनगरचं घर सोडून कोरमंगल्याला पीजीत, पेइंग गेस्ट म्हणून, राहायला गेला होता. अंतर किती, तर गाडी अडकली नाही तर अर्धा तास. "जा की, मला काय," त्या म्हणाल्या होत्या. महिन्याभरानं तो हसत म्हणाला होता, "आई, तू 'जा' म्हणालीस, पण दारात अशी उभी होतीस, की मला वाटलं मी सीमेवर चाललोय. पहिले चार दिवस मला झोप नाही लागली." तेव्हा त्यांना वाटलं होतं, आईचा जीव, त्याला काय करायचं. आता वाटलं, जीव आपला आणि झोप त्याची गेली. आपण परवानगी देतो आणि त्याच हातानं भीतीही देतो. समोरचा भीती तेवढी घेऊन जातो.

आणि खोलवर पाहिलं तर भीती यशश्रीच्या हाताचीही नव्हती. त्या हातांना आता त्या नावं ठेवू शकत नव्हत्या. कान गेला तर तो आपण शेजारी बसलेले असताना गेला, हे आयुष्यभर बाळगावं लागेल, ही ती भीती. स्वतःच्या हातून गेला तर निदान रडायला हक्क असतो.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी देवाप्पा दुसऱ्या कानासाठी आले. पहिला कान उत्तम चालला होता; इतका, की रत्नम्माची आता उलटी तक्रार होती. "शेजारणीशी काय बोलले ते पण ऐकतात. दुसरा कान करायलाच हवा का, डॉक्टर?"

सुचेताबाई म्हणाल्या, "ते तुम्ही यशश्रीशी बोला." आणि उठून त्या खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, भिंतीकडे तोंड करून. चेहरा दिसायला नको.

यशश्रीनं देवाप्पांना मराठीत सांगितलं; कन्नड तिला कामापुरतंच येत होतं. काहीही न लपवता. "मागच्या वेळी माझाच हात कापला होता. त्यानंतर मी रोज सराव केला. पण माणसाच्या कानात शेवटपर्यंत मी अजून केलेलं नाही. तुमचा पहिला असेल. कान बिघडण्याची शक्यता थोडी आहे, पण आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मॅडम करतील आणि मला वाईट वाटणार नाही." मग थोडं थांबून, "वाटेल. पण त्याचं तुम्ही मनावर नका घेऊ."

रत्नम्मा विचारत होती, काय म्हणते, काय म्हणते; देवाप्पांनी तिला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. मग ते खिडकीकडे वळले.

"बाई, एक विचारतो. टेबलावर तुमचा मुलगा असता, तर हिला करू दिलं असतं?"

सुचेताबाईंना वळावंच लागलं. त्यांनी यशश्रीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती.

"आज दिलं असतं," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या वेळी नसतं दिलं."

"मग गणपतीत हिचा हात माझ्या कानात का घातलात?"

सबब सांगणं म्हणजे पुन्हा 'आमची टीम' म्हणण्यासारखं झालं असतं; सुचेताबाईंनी ती सांगितली नाही. देवाप्पा त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग रत्नम्माशी हलक्या आवाजात बोलले. नवराबायकोचं थोडं वाजलं. शेवटी रत्नम्मानं हात झटकला.

"सरी, ठीक आहे," देवाप्पा म्हणाले. "आज खरं बोलताय म्हणून म्हणतो. हिलाच करू द्या. पण बाई, तुम्ही टेबलावर मला ऐकू जाईल असंच बोलायचं. कुजबुज नको. आणि उगाच तिला ढकलून बसायचं नाही. माझा कान काय संगीतखुर्ची आहे?"

ऑपरेशनच्या सकाळी सुचेताबाईंनी जोडनळीला डोळा लावला आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत अडकवले. यशश्री काम करत होती आणि करत असताना सांगत होती, मराठीत, देवाप्पांना. "आता पडदा उचलते. आता थोडं खरखरेल." पडदा, नस, रिकीब. तळपत्रीवर टोचणी टेकली. टोक स्थिर होतं. भोक पडलं, गोल, स्वच्छ. सुचेताबाईंना हायसं वाटतंय न वाटतंय तोच नळी भोकात न जाता बाजूला घसरली आणि कोपऱ्यात आडवी पडली.

सुचेताबाईंचे हात सुटले. शरीर पुढे झुकलं. 'सरक' हा शब्द ओठांपर्यंत आला. सिस्टर श्वेतानं मास्कच्या वरून त्यांच्याकडे पाहिलं.

यशश्रीनं चिमटा बाहेर काढला. तिनं सुचेताबाईंकडे पाहिलं नाही.

"देवाप्पा, नळी पहिल्यांदा बसली नाही. कानाला काही झालेलं नाही. मी थोडी थांबते आणि परत बसवते. चक्कर येते आहे?"

"नाही. तू घे सावकाश."

ती थांबली. खांदे सैल सोडले, मनगट पुन्हा टेकवलं. सुचेताबाईंच्या लक्षात आलं, की घसरल्यावर हिनं सांगायचं त्याला सांगितलं; आपल्याला विचारलं नाही. विचारण्यासारखं तिला काही उरलेलंच नव्हतं. त्या मागे टेकल्या. त्यांना वाईट वाटलं का? वाटलं थोडं, ईशाननं पीजीत स्वतः भात लावायला शिकल्याचं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, तेवढंच.

दुसऱ्या वेळी नळी भोकात गेली. नळीचा आकडा ऐरणीवर आवळला गेला. यशश्रीनं हाड हलकंसं हलवून पाहिलं; सगळं मिळून हललं.

"देवाप्पा," ती अगदी हळू म्हणाली.

"ओ," देवाप्पा म्हणाले. मग, "तिकडे कोण भांडी आपटतंय? हळू म्हणावं."

सिस्टर श्वेतानं हातातला ट्रे तसाच अधांतरी धरला.

पडदा परत जागेवर बसवायचं काम राहिलं होतं. एरवी सुचेताबाई तेही निरखून पाहत. आज त्या उठल्या, हातमोजे काढले आणि बाहेर आल्या. बाकावर रत्नम्मा बसली होती. पदराचं टोक पिळून पिळून तिनं त्याची दोरी केली होती.

"झालं?"

"झालं. चांगलं झालं."

"कुणी केलं?"

"यशश्रीनं. सगळं तिनंच केलं."

रत्नम्मानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. सुचेताबाई सवयीनं पुढचं सांगायला लागल्या, की आता आठवडाभर डोकं जपायचं, नाक शिंकरायचं नाही, ओझं उचलायचं नाही...

"थांबा, अम्मा," रत्नम्मा म्हणाली. "तिला बाहेर येऊ दे. मी तिलाच विचारते."

सुचेताबाई थांबल्या. मग त्या रत्नम्माच्या शेजारी बाकावर बसल्या आणि दोघी मिळून दाराकडे पाहत राहिल्या.